केकरे बदे?

माझ्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. गुलाब कसा, माळ कितीला, तो पांढरा गुच्छ केवढ्यात बसेल. मी भाव सांगत नाही, उलट विचारते, 'कुणासाठी?' काही जण चिडतात. एकदा एक वकीलसाहेब म्हणाले, 'मिठाईवाला असं विचारत नाही, तुम्हाला कशाला हव्यात चौकशा?' मी म्हटलं, 'मिठाई कुणालाही चालते, साहेब.' मग हळूच कळलं, घरात आठ दिवस अबोला आहे आणि फुलं बायकोसाठी हवीत. तिला कोणतं फूल आवडतं, हे वीस वर्षांच्या संसारानंतरही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी रस्त्यावर जाऊन मुलीला फोन लावला, परत आले आणि रजनीगंधा घेऊन गेले. मी मनात त्यांना हसले होते.

हा प्रश्न माझा नाही. दुकान सुरू केल्यापासून माझ्याकडं माळा ओवणारा जो कारागीर होता, त्याचा आहे. चिरईगावाकडच्या माळ्याच्या घरातला, तेव्हाच साठीला आलेला माणूस. मी त्याला चाचा म्हणायचे, तो मला बहूजी. माळ सांगितली की सुईत दोरा ओवता ओवता मान वर न करता तो विचारायचा, 'केकरे बदे?' बनारसी बोलीत 'बदे' म्हणजे साठी. देवासाठी, नवरदेवासाठी की अर्थीसाठी? त्यावरून तो फूल निवडायचा, लांबी ठरवायचा, दोरा एकेरी की दुहेरी ते बघायचा. तीन शब्दांच्या उत्तरात त्याला सगळं कळायचं. मला ते कळायला बरीच वर्षं लागली.

मी मूळची वाईची. १९८९ साली लग्न होऊन काशीला आले. सासर दुर्गाघाटाच्या गल्लीत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. नाथांनी आपलं भागवत पुरं केलं ते या काशीत, १५७३ साली. विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं अहिल्याबाईंनी. शिंदे, भोसले यांच्या नावाचे घाट इथं आहेत. त्यामुळं महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाला काशी परकी वाटत नाही. तो घरच्या याद्या घेऊन येतो आणि घरच्याच शब्दांत मागतो. घोटाळा तिथंच होतो.

सासरे तीर्थोपाध्याय. यजमान आमच्या वाड्यात उतरायचे. पहिल्याच वर्षी श्रावणात सोलापूरकडचे एक यजमान सकाळी स्वतःच बेल आणायला गेले आणि हातात दोन टणक, नारळाएवढी फळं घेऊन परत आले. इकडं 'बेल' म्हणजे सरबताचं फळ, पानाला 'बेलपत्र' म्हणावं लागतं. आणि 'बेला' म्हणालात तर मोगरा मिळतो. दुसरे एक जण शनिवारी मारुतीसाठी रुईची माळ मागत बाजारभर फिरले. दुकानदारानं त्यांच्या हातात कापसाचं पुडकं ठेवलं, कारण हिंदीत रुई म्हणजे कापूस. आपली रुई म्हणजे इथला मदार. गंमत अशी की ती माळ मिळाल्यावरही ते गोंधळलेलेच, कारण इथं मदारची माळ बाबा विश्वनाथाला चढते आणि संकटमोचनाच्या मारुतीला भक्त तुळशीची माळ नेतात. 'तुळस तर विठोबाची,' ते म्हणाले. सासऱ्यांनी त्यांना समजावलं, हा मारुती तुलसीदासांच्या गावचा आहे.

त्या दोन फजित्यांनंतर मी एक वही केली. डावीकडं मराठी नाव, उजवीकडं इथलं. पारिजातक – हरसिंगार. माका – भंगरैया. जास्वंद – अढ़उल. शेवंती – गुलदावदी, आणि कंसात 'सेवती म्हणू नये, तो पांढरा गुलाब'. गणपतीच्या एकवीस पत्री या वहीवर जमायला लागल्या आणि गल्लीतल्या इतर घरांतून निरोप येऊ लागले, तुमच्याकडची पत्री आम्हालाही द्या. माझा धंदा असा भाद्रपदात, पडवीवर, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या पुड्यांनी सुरू झाला. १९९४ मध्ये लंकेवर दुकान घेतलं. लंका म्हणजे विद्यापीठाच्या दरवाजासमोरचा भाग. रामलीलेतली लंका तिथं उभी राहायची म्हणून हे नाव. माहेरी पत्र टाकलं, 'लंकेत दुकान टाकलंय.' आईचं उत्तर आलं, 'सोनं मिळालं तर कळव.'

सोन्यावरून आठवलं. पहिल्या दसऱ्याला मी आपट्याची पानं मिळवायला निघाले. इकडं दसऱ्याला शमीची पूजा आणि नीलकंठ पक्ष्याचं दर्शन, आपटा कुणी वाटत नाही. विद्यापीठाच्या आवारात कचनारची झाडं आहेत, पान तसंच दुभंगलेलं. मी पिशवीभर तोडून आणली आणि ओळखीच्या घरांत वाटली. एका ऐंशी वर्षांच्या आजोबांनी पान उजेडात धरलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाले, 'सूनबाई, हे पितळ आहे.' आपट्याचं पान लहान, जाड, वरून जरा खरखरीत. कचनारचं मोठं आणि पातळ. मला वाटलं होतं, दोन पाळ्या दिसल्या की झालं. पण त्यांना ते पान नको होतं. त्यांना हवा होता लहानपणी कोकणात सीमोल्लंघनाहून परत आल्यावर हातात पडायचा तो जाडसर स्पर्श. पुढच्या वर्षीपासून मिर्झापूरकडच्या जंगलातून येणाऱ्या एका पालेवाल्याला मी नमुन्याचं पान देऊन ठेवलं. तो दर दसऱ्याला दोन गोण्या आणतो. बनारसी गिऱ्हाइकं विचारतात, 'ई का हौ?' मी सांगते, 'सोना.' हसतात आणि एक फांदी घेऊन जातात.

चाचानं मला बांसफाटकाच्या फूलमंडईत पहिल्यांदा नेलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. ओल्या गोणपाटांवर ढीग, माणसांच्या दोन्ही हातांवर खांद्यापर्यंत लटकलेल्या माळा, पायाखाली चिखल आणि पाकळ्या. झेंडूचा रंग बघायचा नाही, हे तिथं शिकले. फुलाखालची हिरवी वाटी दाबायची, घट्ट असेल तर ताजं, दबली तर कालचं. रजनीगंधाच्या दांडीवर खालच्या दोनच कळ्या उमललेल्या असाव्यात. मदार ओवताना डोळ्याला हात लावायचा नाही, चीक आग करतो. चाचाच्या बोटांची टोकं त्या चिकानं कायमची काळवंडली होती. मी मोगरा सुईनं न ओवता केळीच्या सोपटात पेड घालत बांधायचे, वाईला आजीकडून शिकले तसा. चाचा बघत राहिला. न टोचलेलं फूल जास्त टिकतं, हे त्याला लगेच पटलं. ते त्यानं माझ्याकडून उचललं, एवढा एकच मोबदला मी त्याला देऊ शकले.

एक गोष्ट मात्र त्यानं शब्दांत कधी सांगितली नाही. एकाच ढिगातून तो सकाळी जयमाळेचा झेंडू उचलायचा आणि दुपारी अर्थीचा. हात तेच, फुलं तीच. जयमाळेला घासाघीस व्हायची, तोही हौसेनं भांडायचा. अर्थीच्या माळेचा भाव त्यानं कधी उच्चारला नाही. लोक देतील ते घ्यायचा, मोजायचाही नाही. मणिकर्णिकेला येणारी माणसं दूरदूरच्या गावांतून येतात, खिशात किती उरलेत ते त्यांचं त्यांना ठाऊक. सुरुवातीला मला तो व्यवहार कच्चा वाटायचा. मी एकदा टोकलंही. तो म्हणाला, 'बहूजी, ई बिक्री ना हौ.' ही विक्री नाही. त्या दिवसापासून त्या पैशांचा डबा मी वेगळा ठेवला आणि हिशेबात धरला नाही.

झेंडू असा दोन्हीकडं चालतो, याचं मला फार वर्षं नवल वाटायचं. मग एका कार्तिकात, देवदिवाळीच्या आसपास, मेक्सिकोहून आलेली एक बाई दुकानासमोर थबकली. झेंडूच्या ढिगाकडं बघत तिनं एक नाव घेतलं, 'सेंपासूचिल'. सोबतच्या दुभाष्यानं सांगितलं, तिच्या देशातल्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ वीस फुलं. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तिथं घरोघरी मृतांसाठी झेंडू मांडतात, पाकळ्यांची वाट करतात, म्हणजे गेलेल्यांना वासावरून घर सापडतं. ते फूल मुळात तिच्याकडचंच. पोर्तुगीजांच्या काळात समुद्र ओलांडून आपल्याकडं आलं आणि दसऱ्याच्या तोरणात असं बसलं की आपल्याला ते वेदकालीन वाटतं. रजनीगंधाही तिकडचाच. बंगालीटोल्यातली गिऱ्हाइकं लग्नाच्या शेजेसाठी रजनीगंधा नेतात आणि गेलेल्या माणसाच्या तसबिरीलाही तोच. त्या बाईनं एक माळ घेतली आणि विचारलं, ही इथं कुणासाठी असते? मी म्हटलं, 'सगळ्यांसाठी.' ती माळ घेऊन ती घाटाच्या बाजूला गेली. तिचं तिथं कोण होतं, ते मी विचारलं नाही. तेवढं मला तोवर समजायला लागलं होतं.

समजण्याआधीची गोष्ट सांगते. ती सांगायला अजून लाज वाटते.

दुकान लागून चार-पाच वर्षं झाली होती. विद्यार्थ्यांचा एक घोळका आला. संस्कृतचा अभ्यास करायला आलेल्या एका फ्रेंच विद्वानाचा पाय मोडला होता, त्याला भेटायला ते इस्पितळात चालले होते. हिवाळ्याचे दिवस, गुलदावदीचा हंगाम. मी पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीचा भरगच्च गुच्छ बांधला, मध्ये हिरवा पाला, वर सोनेरी फीत. पोरं खूश. संध्याकाळी त्यातलाच एक तोंड पाडून परत आला. रुग्णाची बहीण भारतात आली होती. फुलं बघताच तिचा चेहरा उतरला आणि तिनं गुच्छ उचलून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला. त्यांच्याकडं एक नोव्हेंबरला लोक स्मशानात जातात आणि थडग्यांवर शेवंती ठेवतात. पाय मोडलेल्या भावाच्या उशाशी मी थडग्यावरचं फूल पाठवलं होतं.

मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण त्याहून खरं असं की मी 'कुणासाठी' हे विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यात शेवंती स्वस्त मिळाली होती आणि ती आठ दिवस टिकते. मी माझी सोय बघून गुच्छ बांधला होता.

महिनाभरानं ते गृहस्थ कुबडीवर स्वतःच आले. मी माफी मागायला लागले तर हसायला लागले. म्हणाले, त्या फुलांना घाबरून मी लवकर बरा झालो. मग स्टुलावर बसून त्यांनी बरंच काही सांगितलं. १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर अशा टोपणनावानं फुलांच्या भाषेचं एक पुस्तक निघालं. कोणतं फूल म्हणजे कोणती भावना, याचा कोशच. ते फार खपलं, मग इंग्लंड-अमेरिकेत तसल्या कोशांची लाट आली. त्याही आधी, १७१७-१८ च्या सुमारास, इस्तंबूलमधल्या इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी माँटेग्यू हिनं तिथल्या 'सेलाम'बद्दल घरी लिहिलं होतं. वस्तू पाठवून निरोप कळवायची ती रीत. पण तिथं फुलाला स्वतःचा अर्थ नव्हताच, सगळा मामला यमकाचा होता. पेअर या फळाला तुर्कीत 'अर्मूत' म्हणतात, आशेला 'उमूत'. म्हणून पेअर पाठवलं की समजायचं, मला थोडी आशा दे. यमक ज्याला पाठ, त्यालाच निरोप कळणार. युरोपातल्या लोकांनी यमक गाळलं आणि यादी तेवढी ठेवली.

हे ऐकून माणसानं शहाणं व्हायला हवं होतं. मी उलटंच केलं. व्हॅलेंटाइनचं खूळ तेव्हा लंकेवर नुकतं पोचलं होतं. मला वाटलं, आपणही यादी लावावी. छापखान्यातून रंगीत तक्ता करून आणला: लाल गुलाब प्रेम, पिवळा मैत्री, पांढरा शांती, गुलाबी कौतुक. तक्त्यासमोर पोरांची गर्दी. त्यातला एक लाजरा मुलगा बराच वेळ वाचत उभा राहिला आणि पिवळा घेऊन गेला. मैत्री, म्हणजे धोका नाही. दोन दिवसांनी ज्या मुलीला तो दिला ती मैत्रिणींसोबत दुकानात आली, हसू आवरत नव्हतं. ती बलियाकडच्या खेड्यातली. तिच्या घरी पिवळं म्हणजे हळद, पिवळं म्हणजे पियरी. लग्नात नवरी नेसते ती पिवळी साडी, आणि नवस फेडायला गंगामाईला वाहतात तीही पियरीच. 'आंटी, ऊ त सीधे बियाह क बात कइ दिहलन!' तो मुलगा पुढं दिसला नाही, त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. तक्ता मी त्याच संध्याकाळी उतरवला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बरीच वर्षं उधारी लिहीत होते.

खरं तर हे मला आल्या आल्याच कळायला हवं होतं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी रोजच्यासारखा केसात गजरा माळून भाजी आणायला निघाले तर शेजारीण दारातून विचारते, 'आज केकरे घरे शादी हौ?' तिच्या लेखी केसातला गजरा म्हणजे समारंभ. बेल्याचा गजरा बनारसला पुरुषही मनगटाला गुंडाळतात, संध्याकाळी, गाण्याच्या बैठकीला जाताना. चैत्रात गुलाबबाडी भरते तेव्हा तर गुलाबी टोप्या, गुलाबी दुपट्टे, वरून पाकळ्या आणि गुलाबपाणी. तिथं फूल कुणी कुणाला देत नाही, सगळ्यांवर उधळतात. आणि दिवाळीनंतर भाऊबीजेला ललिताघाटाकडच्या नेपाळी बायका मखमलीच्या जांभळ्या बोंडांची माळ मागतात. ते फूल सुकलं तरी रंग सोडत नाही आणि गळत नाही, म्हणून भावाच्या गळ्यात घालायचं, त्याचं आयुष्य तसं टिकावं म्हणून. पहिल्यांदा एका बहिणीनं मागितली तेव्हा मी ताज्या गुलाबांची, दुप्पट किमतीची माळ पुढं केली होती. ती म्हणाली, 'दीदी, ये तो कल मर जाएगा.' माझा हात तसाच मागं आला.

गेल्या दहा-बारा वर्षांत फुलांपेक्षा कुंड्यांची मागणी वाढली. मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि काचेच्या भांड्यात उभा केलेला 'लकी बांबू'. तो मुळात बांबू नाहीच. ड्रॅसिना जातीचं आफ्रिकेतलं झाड, कांडी बांबूसारखी दिसते म्हणून नाव पडलं. माझ्याकडून एका तरुण जोडप्यानं असा बांबू वास्तुशांतीला भेट म्हणून नेला. यजमानांच्या आईनं तो उंबऱ्याबाहेरच थांबवला. 'बाँस? घर में?' बनारसमध्ये अर्थी बांबूची, तिला टिकठी म्हणतात. घाटांजवळ टिकठीच्या बांबूंची दुकानंच आहेत. त्या म्हातारीला त्या हिरव्या कांड्यांत दुसरं काही दिसेना. त्यातून कांड्या नेमक्या चार होत्या. चिनी लोक चारचा आकडा टाळतात, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. म्हणजे ज्यांनी ही भेट जगभर नेली त्यांनाही ती चालली नसती. जोडपं माझ्याशी भांडायला आलं. मी पैसे परत केले. चाचा तेव्हा थकला होता, डोळ्यांनी फारसं दिसायचं नाही, तरी दुकानात येऊन बसायचा. सगळं ऐकून म्हणाला, 'मड़वो बाँस क, टिकठियो बाँस क.' लग्नाचा मांडवही बांबूचा आणि तिरडीही. म्हातारीला मांडव दिसला असता तर तिनं आरती ओवाळून आत घेतला असता. पण तिच्या घरातून शेवटी काय गेलं होतं, ते आपल्याला काय ठाऊक? त्यानंतर कुंडी विकतानाही मी विचारते, घरात कोण कोण आहे.

आता ती आठवण, जिच्यामुळं हे लिहायला बसले.

आमच्या वाड्यात मागच्या खोलीत एक आजी राहायच्या. सांगलीकडच्या. नवरा गेल्यावर काशीवासाला आलेल्या. भावाची मनीऑर्डर यायची, त्यात भागवायच्या. रोज सकाळी माझ्याकडून तुळस घ्यायच्या, बिंदुमाधवाला वाहायला. पैसे द्यायच्याच, मी घेतले नाहीत तर तुळस परत ठेवायच्या. चैत्रात आमच्याकडं गौरीचं हळदीकुंकू असे. आंब्याची डाळ, पन्हं, हरभऱ्याची ओटी, आणि प्रत्येकीला मोगऱ्याचा गजरा. त्या दिवशी आजी दार लोटून आत बसत. मला ते टोचायचं. एका वर्षी ठरवलं, हे चालणार नाही. सगळ्यांत चांगला गजरा, अबोली आणि मोगऱ्याचा, बाजूला ठेवला आणि बायका असतानाच, सगळ्यांदेखत, तो घेऊन त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, 'आजी, आज तुम्हीपण.'

त्यांनी गजऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. 'मला विचारलं होतंस का ग?' एवढंच म्हणाल्या. गजरा ताटलीत ठेवला, दुसऱ्या दिवशी बिंदुमाधवाला नेऊन वाहिला आणि माझ्यासमोर तुळशीच्या पैशांसोबत गजऱ्याचेही पैसे ठेवले. महिनाभर त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. मी दुखावले होते. चांगलं करायला गेले आणि वाईट झाले, असं सासूबाईंना सांगत होते. सासूबाई म्हणाल्या, 'ओसरीवर बारा बायका होत्या. त्यांच्यासमोर तू तिला उभी केलीस.' तोवर ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ज्येष्ठात आजींना ताप आला. काशीचा ज्येष्ठ, दगडी भिंती रात्रीसुद्धा उष्ण. मी पाणी घेऊन गेले तर पडल्या पडल्या म्हणाल्या, 'मोगरा आहे का ग दुकानात?' मी दचकले. त्या म्हणाल्या, 'डोक्यात नको. वाटीत पाणी घाल नि उशाशी ठेव. माहेरी माडीच्या कठड्यावर वेल होता.' स्टीलच्या वाटीत पाच-सहा कळ्या मी ठेवल्या. अंधारात उमलतात त्या. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत, मोगरा असेपर्यंत, ती वाटी रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी जायची. तिचे पैसे त्यांनी कधी दिले नाहीत. मीही मागितले नाहीत, अर्थात.

मी त्यांना हक्क मिळवून द्यायला गेले होते. त्यांना वास हवा होता. हक्काची गोष्ट खोटी नव्हती. आजही आमच्या हळदीकुंकवाला जिला यायचं ती येते, कुणाला वगळत नाही. पण ते माझं काम होतं, माझ्या घरच्या रीतीशी माझं भांडण होतं. ते त्यांच्या केसांवर ठेवायचं काही कारण नव्हतं. त्या माघात गेल्या. मोगऱ्याचा हंगाम नव्हता. अर्थीवर फक्त तुळस घालायची, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तशी ती घातली. माळ चाचानं ओवली. त्या वेळी त्यानं काही विचारलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये मंडई बंद झाली. ऐन चैत्र नवरात्र, लग्नसराई तोंडावर, शेतात झेंडू फुललेला आणि घ्यायला कुणी नाही. दीनापूरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यानं फोन करून सांगितलं, उभ्या पिकात नांगर घातला. चाचा त्याआधीच दोन वर्षांपूर्वी गेला होता, हे बघायला नव्हता याचं बरंच वाटलं. दुकान उघडलं तेव्हा पहिली गिऱ्हाइकं जयमाळेची नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धाम खुलं झालं आणि मग गर्दी अशी वाढली की मदारच्या माळा पुरेनात. आता चाचाचा नातू माझ्याकडं आहे. तो मोबाइलवर ऑर्डरी बघतो, गुच्छ बांधतो, डिलिव्हरीवाल्या पोरांना पिटाळतो. पण सवय आजोबांची.

गेल्या आषाढात एका ॲपवरून ऑर्डर आली. बारा लाल जर्बेरा, पारदर्शक कागद, लाल फीत. त्यानं पावती हातात घेतली आणि न वाचताच विचारलं, 'केकरे बदे?' मी चष्मा लावून बघितलं. नाव माझं. पत्ता दुर्गाघाटाचा. पाठवणारा पुण्याहून माझा मुलगा. त्या दिवशी माझा वाढदिवस होता. त्या ॲपचा या भागातला दुकानदार मीच आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावं.

'हमरे बदे,' मी म्हटलं.

पोरगा हसला. मग जर्बेराची बादली पुढं ओढता ओढता थांबला. 'फोटो छोड़िए, आंटी. आपको कौन-सा पसंद है? वही लगा देते हैं.'

मी दुकानभर नजर फिरवली. गुलाब, रजनीगंधा, ग्लॅडिओलस, कोपऱ्यात ओल्या फडक्यात बेला. तीस वर्षं मी लोकांना हेच विचारत आले होते, आणि मला उत्तर सुचेना. मोगरा म्हटला तर आजींचा. झेंडू चाचाचा. शेवंती तर बोलायलाच नको. ते वकीलसाहेब आठवले. निदान फोन करून विचारण्यासारखं त्यांना कुणी तरी होतं.

शेवटी फोटोतल्यासारखेच जर्बेरा बांधायला लावले आणि मुलाला फोन केला. 'एवढ्या फुलांतून जर्बेराच का रे निवडलेस?' तो ओशाळला. 'खरं सांगू? ऑफर होती ग. आणि खाली लिहिलं होतं, आठ दिवस टिकतात.'

मला हसू आवरेना. दुकानदारणीचाच मुलगा. त्याला म्हटलं, 'पुढच्या वर्षी आधी मला विचार. काय सांगायचं, ते तोवर ठरवते.'

जर्बेरा नऊ दिवस टिकले.